काटा अडलाय. वजनाशिवाय तुम्ही काय काय मोजता?

निर्गुडी
पाडव्याला ७४ किलो होते. आषाढीपर्यंत ६९.५ झाले आणि तिथे काटा जो अडलाय तो अडलाच आहे. कधी ६९.२, कधी ७०. खाणं तेच, चालणं तेच (सकाळी तळजाई, पाऊस असला तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या), रात्रीचं जेवण साडेसातला उरकतं.

गंमत म्हणजे काट्याला दिसत नाही ते बाकी सगळीकडे दिसतंय. पाटल्या मनगटावरून वर सरकतात. कपाटातले जुने कुर्ते अंगात येतात. बँकेत दुसऱ्या मजल्यावर डबा खायला जाताना लिफ्टची वाट बघत नाही. तरी सकाळी काट्यावर तीनशे ग्रॅम जास्त दिसले की दिवस गेला. मग चिडचिड, आणि दुपारी डबा तसाच ठेवून कोपऱ्यावरचा सामोसा.

तर तुम्ही लोक वजनाशिवाय काय मोजता, किती दिवसांनी, आणि आकडा हलत नसताना पुढे कसं रेटता?

विनंती: दीक्षित की दिवेकर (दिवसातून दोनदाच खा की थोडं थोडं सारखं खा) हा वाद इथे नको. त्यासाठी आधीचे धागे आहेत, तिथे अजून जागा असेल तर.

आट्यापाट्या
वादच नको म्हटल्यावर धाग्याचं शतक कसं व्हायचं? हलके घ्या.
माझं काहीच कमी झालेलं नसल्याने वाचनमात्र.

काटेकोर
आयडीला जागून काट्याची बाजू घेतो.

निर्गुडी, काट्याचा दोष नाही, तुम्ही रोजचा आकडा निकाल म्हणून वाचताय. रोज वजन करा, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच फरशीवर. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर काटा ठेवला तर तो वाटेल ते दाखवतो.

रोज का हलतं? आदल्या रात्री पापड-लोणचं झालं की मिठापाठोपाठ पाणी थांबतं. पोट साफ नाही झालं तर तेही वजनातच. आणि शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत ठेवतं. त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात झपकन दोन किलो उतरतात ते बहुतेक हेच. लोक पेढे वाटतात आणि तिसऱ्या आठवड्यात रडतात.

उलटा हिशोबही करून बघा. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात. म्हणजे रात्रीत एक किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा तेवढं जास्त खायला हवं. लग्नात जिलबीची पैज लावली तरी हे जमणार नाही. दुसऱ्या दिवशी दिसतो तो किलो पाण्याचा.

निर्गुडी
काटेकोर, कळतं हो. सकाळी सहाला वळत नाही.

भूलचूक
(भूलतज्ज्ञ आहे, वजनाचा तज्ज्ञ नाही. पण टेबलावर झोपलेल्या माणसाचं पोट रोज बघतो.)

वजनाच्या आधी पोटाचा घेर मोजा. आपल्याकडच्या लोकांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी मानतात. बीएमआयही (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) आपल्याला २३ पासूनच जास्त धरतात, पाश्चात्त्यांसारखा २५ पासून नाही.

कारण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र यूडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा आणि उंची यांचा मेळ तोच असून आतला माल वेगळा. हातपाय काडी आणि पोट पुढे ही आपली ठेवण बीएमआयला दिसत नाही.

घेर कुठे मोजायचा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड हाताला लागतं ना, त्या दोन्हींच्या मधोमध. बेंबीवर नाही, पॅन्टच्या पट्ट्यावर तर नाहीच. टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. श्वास सहज सोडून झाल्यावर वाचा. पोट आत ओढून मोजलेला आकडा फक्त मोजणाऱ्यालाच फसवतो.

टेप नसेल तर सुतळी घ्या. स्वतःच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी पोटाभोवती पुरली पाहिजे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा, एवढंच.

दादरचा_पूल
वाखुसा (वाचनखूण साठवली). आत्ता ऑफिसात सुतळी कुठून आणू 😄

निर्गुडी
केलं! उंची १५७. सुतळी तीन बोटं कमी पडली. टेपने ८४.
पण पाडव्याला काय होतं ते कुठे लिहिलेलं नाही, मग किती कमी झालं कसं कळणार?

शिवणकाकू
निर्गुडी, तेव्हापासून वापरातला एखादा परकर काढ. नाडीवर जिथे गाठ बसायची तिथे दोन्ही टोकांना सुरकुतलेली, मळकी खूण असते. त्या दोन खुणांमधलं अंतर मोज. आता गाठ कुठे बसते तेही मोज. झालं.

मी ब्लाउज शिवते, आयुष्य गेलं त्यात. माझा अनुभव सांगते, डॉक्टरांनी चुकत असेल तर सांगावं. बायकांची मापं एका वेळी कमी होत नाहीत. बहुतेकींचा आधी छातीचा घेर उतरतो, मग कंबर, आणि दंड सगळ्यात शेवटी. काहींची कंबर आधी जाते आणि सीट वर्षभर तिथेच. म्हणून एकच माप घेऊन रडत बसू नये. छाती, कंबर, सीट, दंड, मांडी अशी पाच घ्यावीत, महिन्यातून एकदा. रोज टेप लावून काही होत नाही.

कापडी टेप जुनी झाली की ताणते. घरातल्या स्टीलच्या पट्टीला लावून बघा, माझ्याकडे एक निघाली होती जी सेंटीमीटरभर खोटं बोलायची.

आणि एक कपडा ठरवून ठेवा. न ताणणारा हवा. खणाचा ब्लाउज उत्तम. लेगिंग्ज, जेगिंग्ज यांचं ऐकू नका, ती दहा किलो पोटात घालतात. दर महिन्याला तोच घालून बघायचा. आम्ही ब्लाउजला आत माया (शिवणीतलं जादा कापड) ठेवतो ती उसवण्यासाठी, पण अलीकडे आवळून द्या म्हणणाऱ्याही येतात. तेव्हा बरं वाटतं.

निर्गुडी
काकू, तुमचे पाय कुठे आहेत! नाडीवरच्या खुणेत आणि आताच्या गाठीत ६ सेंमीचा फरक आहे. आणि मी तीनशे ग्रॅमसाठी सामोसे खातेय.

कोकणकडा
परकराची नाडी 🙏 धागा इथेच जिंकला.

माझं मोजमाप सिंहगड. आतकरवाडीतून वर, तीच वाट, वर पोचायला किती वेळ लागला एवढंच. वजन ८८ वर असताना मध्ये ताकवाल्या मावशींकडे दोनदा बसायचो. आता बसतो ते ताकासाठी. गड लांब असेल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. चढून वर गेल्यावर लगेच नाडी मोजा (ही मनगटावरची), एका मिनिटाने पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक वाढत गेला म्हणजे हृदय लवकर सावरतंय. हा आकडा मला काट्यापेक्षा जास्त खरा वाटतो, कारण तो उपाशी राहून सुधारत नाही.

दादरचा_पूल
मम (माझंही तेच). आमच्याकडे गड नाही, दादरचा पूल आहे. पूर्वी पश्चिमेहून पूर्वेला जाईपर्यंत फोनवर बोलता यायचं नाही, समोरच्याला “थांब, पलीकडे गेल्यावर करतो” सांगायचो. आता बोलत बोलत उतरतो. बायको म्हणते पूर्वीचंच बरं होतं.

टेक्सासची_तूर
इथे वजन पौंडात, त्यामुळे आमचे आकडे मुळातच मोठे आणि दुःखही मोठं.

काटेकोरांना दुजोरा. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे, ज्यांनी किमान ३० पौंड (साधारण साडेतेरा किलो) घटवून वर्षभर टिकवले त्यांची. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. म्हणजे काटा माळ्यावर टाकणं हा उपाय सगळ्यांना लागू नाही. आता ते वजन करतात म्हणून टिकलं, की टिकवणारी माणसंच नोंदी ठेवणारी असतात, हे त्यातून कळत नाही, हेही खरं.

मी स्वतः निकालापेक्षा काम मोजते. फ्रिजवर कालनिर्णय (हो, दरवर्षी मागवते). चालले त्या दिवशी तारखेवर निळा गोल. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडं, दही यातलं काहीतरी होतं त्या दिवशी लाल. वजन माझ्या हातात नाही, गोल आहेत.

आणि दहा हजार पावलांचं भूत उतरवा. तो आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच ‘मानपो-केई’, दहा हजार पावलांचं मीटर. जाहिरात होती, नियम झाला.

काटेकोर
पावलांबद्दल सहमत. पण तूरताई, निळे गोल भरून महिना गेला आणि घेर, वजन दोन्ही जागेवर असतील तर? काम मोजणं चांगलं, पण कधीतरी निकालही उघडावा लागतो.

निर्गुडी, तुमच्या अडण्याला एक साधं कारणही असू शकतं. ७४ किलोचं शरीर चालवायला जेवढं लागत होतं तेवढं ६९ च्या शरीराला लागत नाही. चालताना ओझंही कमी वाहताय. पाडव्याला ज्या ताटाने वजन उतरत होतं तेच ताट आता जेमतेम टिकवतंय. महिनाभराची सरासरी सरळ रेषेत असेल तर एक पोळी कमी किंवा एक चढ जास्त, यापैकी काहीतरी करावंच लागेल.

सातारी_कंदी
थोडं वेगळं लिहिते. मी हॉस्टेलवर असताना दिवसातून अनेकदा वजन करायचे. पाणी प्यायल्यावर, पाणी न पिता, जेवायच्या आधी, नंतर. पीसीओडी (बीजकोशांचा त्रास) आहे, डॉक्टरांनी “पाच किलो कमी कर” म्हटलं होतं. पाच झाले, मग थांबताच येईना. रात्रीची मेस बंद केली. पाळी आधी लांबायला लागली, मग आलीच नाही. सगळे म्हणत होते काय छान दिसतेस.

रूममेटने काटा उचलून वॉर्डनकडे नेऊन दिला आणि मला समुपदेशकाकडे. आता वजन फक्त डॉक्टरांकडे होतं, पाठमोरं उभं राहून, आकडा मला सांगत नाहीत. मी मोजते ते पाळी वेळेवर आली का, झोप लागली का, केस गळतात का. रोज वजन करा हा सल्ला देताना समोरचा कोण आहे ते बघा प्लीज.

भूलचूक
कंदी, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. पाळी थांबणं ही शरीराने दिलेली नोटीस आहे, तिथे वजनाचा आकडा कितीही ‘चांगला’ असला तरी थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. खाण्याचा विचार दिवसभर डोक्यातून जात नसेल तरी तेच.

बाकीच्या बायकांसाठी: पाळीच्या आधीच्या दिवसांत एक-दोन किलो पाणी साठणं नेहमीचं आहे. तुलना करायची तर मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी करा, मागच्या आठवड्याशी नको.

काटेकोर
कंदी, मान्य. वर “रोज वजन करा” लिहिलंय त्यापुढे “ज्यांना झेपतं त्यांनी” असं वाचावं.

वारकरी_नाना
सर्व मंडळींना राम कृष्ण हरी. मुलीने टाइप करून दिलंय.

मला बारा वर्षं साखरेचा त्रास. गेल्या आषाढीपासून या आषाढीपर्यंत वजन उतरलं फक्त तीन किलो. घरचे म्हणाले, एवढा आटापिटा करून काय मिळालं. पण तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८.४ होता तो ६.९ वर आला आणि डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. मागच्या वारीला मी दिवे घाटात टेम्पोत बसलो होतो. यंदा आळंदीपासून सासवडपर्यंत चालत गेलो, घाटासकट. आणि पंगतीत मांडी घालून बसतो, उठताना शेजाऱ्याचा खांदा धरत नाही. हे वजन करायच्या मशिनीत येतं का सांगा.

कोकणकडा
नाना, दंडवत. येत नाही.

भूलचूक
नानांनी महत्त्वाचं सांगितलं. त्यांनी लिहिला तो आकडा म्हणजे एचबीए१सी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर मोजतात, म्हणून त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब येतो. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून तो फसत नाही. तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून उपयोग नाही.

सोबत ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) बघा. पोटातली आणि यकृतातली चरबी हलायला लागली की हे आकडे काट्याच्या आधी बोलतात.

एक इशारा: मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना वजन, खाणं बदललं तर डॉक्टरांना सांगा. जुनाच डोस नव्या शरीराला जड होतो, साखर किंवा दाब एकदम खाली जातो. नानांची गोळी डॉक्टरांनी बंद केली, नानांनी नाही.

आणि जमिनीवरून हात न टेकता उठणं ही खरीच चाचणी आहे. त्यात पायांची ताकद, तोल, सांधे सगळं येतं. घटणाऱ्या वजनातला काही भाग स्नायूंचा असतो. प्रथिनं कमी आणि नुसतं चालणं असेल तर तो भाग वाढतो. काटा खूश, माणूस पांगळा. म्हणून ताकदीची एक तरी नोंद ठेवा. खुर्चीवरून हात न लावता तीस सेकंदांत किती वेळा उठता, हे घरी मोजता येतं.

शिवणकाकू
हे मला मापात दिसतं डॉक्टर. उपाशी राहून बारीक झालेल्या बाईचा दंड मऊ लोंबता होतो, बाहीच्या मोहरीला ब्लाउज उभा राहत नाही. पाणी भरणाऱ्या, शेतात जाणाऱ्या बायकांचा दंड जाड असला तरी टेप रुतत नाही.

दादरचा_पूल
ते पायाला करंट देऊन चरबी सांगणारे काटे कसे? मित्राकडे आहे, त्यावर माझं वय ५१ आलं. मी ३८ चा आहे.

काटेकोर
माझ्याकडे आहे. बारीक वीज एका पायातून दुसऱ्या पायात जाते, वाटेत किती अडते त्यावरून तो अंदाज बांधतो. पाणी कमी प्यायलात, नुकतेच व्यायाम करून आलात, की टक्केवारी बदलते. महिन्यामहिन्यांचा कल बघायला ठीक. वयाचं मनावर घेऊ नका, ते विकायचं तंत्र आहे.

निर्गुडी
मोजमापाचं कळलं. आता लोकांचं काय करायचं ते सांगा. काल मावशी भेटली. “अगं, तोंड किती उतरलंय तुझं! थायरॉइड वगैरे नाही ना?” चार महिन्यांची मेहनत, आणि मला आजारी ठरवून मोकळी. आणि सासूबाईंचं उलट, “तुझं काही उतरलेलं दिसत नाही बाई, घे एक मोदक.”

टेक्सासची_तूर
सगळ्यांच्या घरी ही जोडी असते. मी दरवेळी “हो का? बघते” म्हणते आणि विषय नातवंडांवर नेते. फोटो काढ मात्र. महिन्यातून एकदा, तीच भिंत, तोच दिवा, तेच कपडे, एक समोरून आणि एक बाजूने. कोणाला दाखवायचे नाहीत. रोज आरशात बघणाऱ्याला बदल दिसत नाही, मावशीला नको तो दिसतो.

सातारी_कंदी
फोटोसुद्धा सगळ्यांना झेपतात असं नाही. नानांसारखं काहीतरी करता येणं मला जास्त आवडतं. मी यंदा यवतेश्वर चालत चढले, परत येऊन पोटभर जेवले. दोन्ही लिहून ठेवलं.

काटेकोर
गणपतीचं म्हणाल तर मोदक खा. दहा दिवस काट्यावर चढू नका आणि विसर्जनानंतरही चार-पाच दिवस जाऊ द्या. चालणं मात्र सोडू नका. मांडव बघायला पायीच जायचं असतं तसंही.

आट्यापाट्या
इतके दिवस वाचतोय, आता प्रश्न विचारतो. कॉलेजपासून माझी पॅन्ट ३४ ची आहे. तीच बसते. म्हणजे मी ठीकच ना?

शिवणकाकू
पॅन्ट कुठे बांधता भाऊ? पोटाच्या वर की खाली?

आट्यापाट्या
खाली. वर कशी राहील?

शिवणकाकू
मग ते माप पोटाचं नाही, पोटाखालच्या हाडाचं. हाड कुठे जाड होतंय. आमच्या शेजारचे जेंट्स टेलर सांगतात, पुरुषांचा आकडा पंचवीस वर्षं बदलत नाही, फक्त पट्टा खाली सरकत जातो. टेप घ्या आणि डॉक्टरांनी सांगितलंय तिथे लावा.

आट्यापाट्या
१०१.
दोनदा मोजलं.

भूलचूक
उंची?

आट्यापाट्या
१६८. सुतळीचा हिशोब मी पण केला, तुम्ही नका करू.

भूलचूक
बरं. घाबरू नका, पण साखर, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), एसजीपीटी करून घ्या आणि रक्तदाब बघा. घरी कोणाला मधुमेह?

आट्यापाट्या
वडील, काका. शनिवारी सकाळी लॅबवाला घरी येतोय. उपाशीपोटी म्हणजे चहापण नाही?

भूलचूक
चहापण नाही. पाणी चालेल.